उठसूट फॉरमॅट कशाला?

नारायणगाव असो की मंचर, लिनक्सची जुनी आवृत्ती असलेलं मशीन दुकानात नेलं की सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारू आणि नवीन टाकू." शाळेची लॅब असो, पतसंस्थेच्या कोपऱ्यातला सर्व्हर असो, दुखणं कुठलंही आणि औषध एकच. विंडोज एक्सपीची सीडी खिशात घेऊन फिरण्याच्या काळात या सवयीला काही कारणं होती. आता ती निव्वळ खोड उरली आहे.

गैरसमज: नवी आवृत्ती हवी, तर डिस्क पुसून नव्यानेच इन्स्टॉल करावं लागतं.

वस्तुस्थिती: मुक्तस्रोत प्रणाली जागच्या जागी अपग्रेड करता येते. हा कुणाचा जुगाड नाही, ती बनवणाऱ्यांनीच लिहून दिलेली पद्धत आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या रिलीज नोट्समध्ये मागच्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर कसं यावं यासाठी अख्खं प्रकरण असतं. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच दुसऱ्या मुक्तस्रोत प्रणालीचं हँडबुक तर त्याच्या पुढे जातं: प्रणालीचा सोर्स कोड आणा, आपल्याच मशीनवर कंपाइल करा आणि चालू प्रणालीवर बसवा.

फ्रीबीएसडीचा क्रम असा. आधी सोर्सबरोबर येणारी 'अपडेटिंग' नावाची फाइल वाचायची. लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि मग बोंब मारतात. पुढे 'मेक बिल्डवर्ल्ड' आणि 'मेक बिल्डकर्नल' या दोन आज्ञा. इथे तासन् तास जाऊ शकतात, पण चालू प्रणालीला धक्का लागत नाही, कारण तयार होणारा माल वेगळ्या फोल्डरमध्ये साठतो. मग नवा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बसवायचा, मशीन रीस्टार्ट करायचं आणि त्यानंतरच बाकीची प्रणाली बसवायची.

कर्नल आधी का? नवा कर्नल जुने प्रोग्रॅम सांभाळून घेतो. नवे प्रोग्रॅम मात्र जुन्या कर्नलकडे अशी सेवा मागू शकतात, जी त्याला ठाऊकच नसते. क्रम उलटा केलात तर फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस' आज्ञासुद्धा रुसून बसू शकते. नवा कर्नल चाललाच नाही, तर जुना 'कर्नल डॉट ओल्ड' या नावाने जपून ठेवलेला असतो. बूट होताना तो निवडायचा. फॉरमॅट मारल्यावर अशी परतीची वाट उरते का, हे दुकानदाराला एकदा विचारा.

तुम्ही हाताने बदललेल्या सेटिंग्जही पुसल्या जात नाहीत. 'ईटीसीअपडेट' हे साधन जुन्या आणि नव्या फाइली जुळवतं आणि जिथे जुळत नाही तिथे तुम्हाला विचारतं. वरून टाकलेली पॅकेजेस मात्र मोठ्या आवृत्तीनंतर पुन्हा बसवावी लागतात. ती बसेपर्यंत जुन्या लायब्ररी उडवू नका, नाहीतर त्यांच्यावर चालणारे प्रोग्रॅम एका फटक्यात बंद पडतील.

तरीही पटत नसेल, तर खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे बघा. तिचा कायापालट करताना ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कुणी मोडीत काढल्या नाहीत. त्या जागेवर ठेवून फीड, रिसीव्हर आणि संकेतांवर प्रक्रिया करणारी यंत्रणा बदलली. एका वेळी टिपता येणारा वारंवारतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला आणि हे काम चालू असताना निरीक्षणंही सुरू राहिली. जुन्नर तालुक्यात एवढी मोठी दुर्बीण चालू ठेवून अपग्रेड होते आणि आपल्याला टेबलावरचा संगणक पुसल्याशिवाय सुधारता येत नाही?

आता किरकोळ गैरसमज.

"मधेच लाइट गेली तर मशीन गेलं." कंपाइल होताना गेली तर तीच आज्ञा पुन्हा द्या. जपायचं ते प्रत्यक्ष बसवण्याच्या काही मिनिटांना. तेवढा वेळ यूपीएस लावा आणि भारनियमनाची वेळ बघून काम काढा.

"त्यासाठी प्रोग्रॅमर असावं लागतं." कोड लिहायचा नसतो; सूचना वाचून त्याच क्रमाने आज्ञा द्यायच्या असतात.

"सोर्सवरून बांधलेली प्रणाली भन्नाट पळते." रोजच्या कामात फरक सहसा जाणवतही नाही. सोर्सची वाट धरायची ती हवे ते बदल करून घेण्यासाठी. ते नको असतील तर तयार पॅकेजेसनी जागच्या जागी अपग्रेड करा, तेही चालतं.

"दोन आवृत्त्या गाळून थेट शेवटची टाकू." डेबियनमध्ये एकेक पायरीच चढायची, मधली गाळायला अधिकृत पाठिंबा नाही.

"अपग्रेडच करतोय, बॅकअप कशाला?" बॅकअप घ्याच. यावर चर्चा नाही.

फॉरमॅटला कायमची बंदी मात्र नाही. मशीनमध्ये कुणी घुसखोरी केली असेल, तर डिस्क पुसून नव्याने इन्स्टॉल करणंच शहाणपणाचं. ३२-बिट डेबियनवाल्यांचंही तसंच: २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या रिलीज नोट्स त्यांना अपग्रेड करू नका असंच सांगतात, जमत असेल तर ६४-बिट प्रणाली नव्याने टाका, नाहीतर यंत्र निवृत्त करा. तेव्हा दुकानदार फॉरमॅट म्हणाला की आधी कारण विचारा. "नवीन आवृत्ती आलीय" एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे देऊ नका. मशीन उचला आणि घरी या.