न भरणाऱ्या टाकीचा हिशेब

उत्तनकडे वडिलोपार्जित जागेवर घर बांधू पाहणारे आमचे एक सहकारी परवा मोठ्या समाधानाने सांगत होते, "गवंडी म्हणतो, टाकी अशी करून देतो की वीस वर्षे उपसायला नको!" युक्ती साधी होती. सेप्टिक टाकीच्या तळाला काँक्रीट घालायचे नाही, म्हणजे मैलापाणी आपसूक जमिनीत जिरेल आणि खर्चही वाचेल. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला या बचतीत एक जुनाच प्रश्न दिसतो : वाचलेला पैसा अखेर कोणाच्या खिशातून जाणार?

मीरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली, २००२ साली तिची महानगरपालिका झाली. परंतु पाटी बदलली म्हणून उत्तन, डोंगरी, पाली, चौक या किनाऱ्यालगतच्या गावांची जमीन बदलत नाही. भुयारी गटार जिथे दारापर्यंत पोचलेले नाही, तिथे मैल्याची व्यवस्था प्रत्येकाला आपल्याच आवारात करावी लागते. शेजारच्या आवारात विहीर असू शकते. पावसाळ्यात भूजल वर येते आणि टाकी व विहीर यांमधले अंतर जमिनीखाली नाहीसे होते.

सेप्टिक टाकीचे काम मैला जिरविणे हे नाही. तिच्यात जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि हवेवाचून जगणारे जीवाणू गाळाचा काही अंश कुजवून कमी करतात. मधले पाणी बाहेर पडते ते दिसायला निवळ असले, तरी त्यात रोगजंतू असतातच. म्हणून टाकी जलाभेद्य हवी आणि पाण्यासाठी पुढे वेगळा शोषखड्डा हवा. भारतीय मानक संस्थेच्या संहितेनुसार टाकीची पाणी धरण्याची क्षमता किमान १,००० लिटर असावी, लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी आणि शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून १८ मीटरच्या आत नसावा. मैल्याचा गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. टाकी भरते हे तिचे वैगुण्य समजू नये. ती नीट चालल्याची ती खूण आहे. जी कधीच भरत नाही, ती बहुधा गळत असते.

येथे अर्थशास्त्रातील बाह्य परिणामांचा सिद्धांत लागू पडतो. तळाच्या काँक्रीटचा खर्च घरमालक आज सोसतो. ते न घातल्याचा खर्च शेजारी उद्या जुलाब, कावीळ आणि विकतचे पाणी या रूपाने सोसतो. ज्याचा खर्च दुसऱ्यावर टाकता येतो, ती गोष्ट माणूस प्रमाणाबाहेर करतो. यासाठी दुष्टपणा लागत नाही, अज्ञान पुरते.

उपसण्याची किंमतही मोजली पाहिजे. माणसाला सुरक्षा साधनांवाचून टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या विरारला सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्येच सांगितले होते. नुकसानभरपाईने कुटुंबाला आधार मिळतो, माणूस मिळत नाही. म्हणून गाडीचा पाइप पोचेल अशा जागी टाकी बांधणे आणि तिला उघडता येईल असे झाकण ठेवणे, हाही बांधकामाचाच भाग मानला पाहिजे. टाकीवर फरशी घालून ती विसरून जाणारे घर उद्याच्या अपघाताची तयारी करीत असते.

उपाय महाग नाहीत. वाई आणि सिन्नर येथील नगरपरिषदांनी तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी उपसण्याचे वेळापत्रक आखले. एकदम अंगावर येणारा खर्च अशा रीतीने वाटून घेतला, तर तो जाणवत नाही आणि चुकविताही येत नाही. मीरा-भाईंदरच्या गावांनाही हेच लागू करता येईल. त्याबरोबर बांधकामाच्या परवानगीतच एक साधी कसोटी घालावी : टाकी पाण्याने भरून एक दिवस ठेवावी आणि पातळी उतरली, तर दुरुस्तीवाचून वापराला संमती देऊ नये.

आमच्या सहकाऱ्यांना मी एवढेच विचारले, की तुमच्या शेजाऱ्याने याच गवंड्याकडून हीच टाकी बांधून घेतली, तर तुम्ही तुमच्या विहिरीचे पाणी प्याल का? ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी तळाच्या काँक्रीटचा भाव विचारला.