साडेचार तासांच्या आत आणि बाहेर

गडचिरोली जिल्ह्यातली ८६ गावं, वस्ती सुमारे ९४ हजार. २०११ ते २०१३ या दोन वर्षांत या गावांत झालेल्या प्रत्येक मृत्यूची ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यसेवकांनी घरी जाऊन चौकशी केली. माणूस कसा आजारी पडला, हात कधी लुळा पडला, बोलणं कधी अडखळलं, दवाखान्यात नेलं का, हे सगळं विचारून लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी त्या नोंदी वाचून मृत्यूचं कारण ठरवलं. दाखला द्यायलाही डॉक्टर नसतो अशा गावांत माणसं कशाने मरतात, हे कळायचा हाच मार्ग. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. पहिल्या क्रमांकाचं कारण मलेरिया नव्हतं, क्षयरोग नव्हता, सर्पदंशही नव्हता. ते होतं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक, म्हणजे १४.३ टक्के. आणि पक्षाघाताने गेलेल्यांपैकी ८७.३ टक्के माणसं घरातच गेली.

हा दुसरा आकडा मला पहिल्यापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. कारण गेल्या तीस वर्षांत पक्षाघाताच्या उपचारात जेवढी झेप घेतली गेली, तेवढी फार थोड्या आजारांच्या वाट्याला आली आहे. ‘आता काही करता येणार नाही, देवाच्या हातात’ असं म्हणण्याचा हा आजार होता. आज रुग्ण वेळेत पोचला, तर लुळा हात टेबलावरच हलू लागलेला डॉक्टर पाहतात. पण ही सगळी प्रगती दवाखान्याच्या दारापासून सुरू होते. शहराची गोष्टही फार वेगळी समजू नये. २००५-०६ मध्ये डॉ. पी. एम. दलाल यांनी मुंबईतल्या एका वॉर्डात केलेल्या पाहणीत पहिला झटका आलेल्यांपैकी जवळपास ३० टक्के माणसं २८ दिवसांच्या आत दगावली होती.

पक्षाघात दोन प्रकारचा. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, एक बाजू गळालेली, शब्द फुटत नाहीत. आणि उपचार मात्र एकमेकांच्या अगदी उलट. एकात रक्त पातळ करायचं, दुसऱ्यात ते थांबवायचं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मोर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. तोपर्यंत खाटेपाशी उभ्या असलेल्या डॉक्टरला या दोन्हींतला फरक खात्रीने सांगताच येत नव्हता. सीटी आलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

गुठळी अडकली की तिच्या पलीकडचा सगळा मेंदू एकदम मरत नाही. पाटाचं पाणी तोडलं तरी शेजारच्या चारीतून थोडी ओल झिरपत राहावी आणि पीक माना टाकून का होईना, काही काळ तगून राहावं, तसा मधल्या गाभ्याभोवतीचा मेंदूचा भाग बाजूच्या बारीक वाहिन्यांवर जीव धरून असतो. तो काम करत नाही, पण मेलेलाही नसतो. ॲस्ट्रप, सिएसियो आणि सायमन यांनी १९८१ साली या भागाची कल्पना नेमकेपणाने मांडली. आजचे सगळे उपचार याच भागासाठी आहेत. तो किती वेगाने हातचा जातो? जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला: मोठी वाहिनी बंद पडलेल्या सरासरी रुग्णाच्या दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात.

गुठळी विरघळवणारं औषध आलं कर्करोगाच्या पेशींमधून. बेल्जियममधल्या ल्युव्हन विद्यापीठात देझिरे कोलेन आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींपासून टीपीए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळवलं. अमेरिकेच्या जेनेन्टेक कंपनीत डायान पेनिका यांनी त्याचं जनुक वेगळं केलं, आणि ते मोठ्या प्रमाणात बनवणं शक्य झालं. आधी ते हृदयविकारात वापरलं गेलं. मेंदूत वापरायला डॉक्टर धजावत नव्हते, आणि त्यांची भीती खोटी नव्हती. डिसेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ६२४ रुग्ण होते. लक्षणं सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत इंजेक्शन द्यायचं, असा दंडक होता. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांत जवळजवळ पूर्ण बरे होण्याची शक्यता किमान ३० टक्क्यांनी जास्त होती. पण मेंदूत गंभीर रक्तस्राव झालेल्यांचं प्रमाणही ६.४ टक्के होतं, औषध न मिळालेल्यांत ०.६ टक्के. हा धोका पत्करूनही एकंदर फायदा होतो, हे वैद्यकविश्वाने मान्य करायला पुढे बरीच वर्षं घेतली. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मर्यादा तीनवरून साडेचार तासांवर नेली.

या औषधाची धाकटी बहीण म्हणजे टेनेक्टेप्लेज. जुन्या औषधाचा एक भाग आधी टोचून उरलेलं तासभर सलाइनमधून द्यावं लागतं. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात काही सेकंदांत देऊन मोकळं होता येतं. तालुक्याच्या दवाखान्यातून रुग्णाला पुढे पाठवायचं असेल, तर रुग्णवाहिकेत तासभर पंप सांभाळणं आणि एक सुई टोचून निघणं यांतला फरक फार मोठा आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने बनवलेल्या टेनेक्टेप्लेजला पक्षाघातासाठी भारतात २०१६ मध्येच परवानगी मिळाली होती. मोठ्या चाचण्यांचं पाठबळ नंतर आलं, त्यातली महत्त्वाची चाचणी कॅनडात सुमारे १,६०० रुग्णांवर होऊन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेत या औषधाला पक्षाघातासाठी मान्यता मिळाली ती मार्च २०२५ मध्ये.

मोठ्या वाहिनीतली लांबलचक गुठळी मात्र औषधाने बहुतेकदा विरघळत नाही. ती ओढून काढावी, जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन, ही कल्पना आधीपासूनच होती. २०१३ च्या फेब्रुवारीत तीन चाचण्यांचे निकाल एकदम आले आणि तिन्ही फसल्या. अनेकांना वाटलं, हा मार्ग बंद झाला. पण त्या चाचण्यांत जुनी साधनं होती, काही रुग्णांची मोठी वाहिनी बंद आहे की नाही याची खातरजमाच झाली नव्हती, आणि वेळही फार गेलेला होता. याच वेळी नेदरलँड्समध्ये एक शहाणपणाचा निर्णय झाला होता: या प्रक्रियेचा खर्च विम्यातून मिळेल, पण रुग्ण चाचणीत सहभागी असेल तरच. त्यामुळे देशभरातले रुग्ण चाचणीतच येत राहिले. १६ केंद्रं, ५०० रुग्ण. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये इस्तंबूलच्या परिषदेत निकाल जाहीर झाला: गुठळी काढलेल्यांपैकी ३२.६ टक्के स्वतःची कामं स्वतः करू शकत होते, नुसत्या औषधोपचारावरच्यांपैकी १९.१ टक्के. जगभर चालू असलेल्या इतर चाचण्या मग मुदतीआधीच थांबल्या, कारण त्यांतही फायदा दिसू लागला होता. पुढे अशा पाच चाचण्यांतल्या १,२८७ रुग्णांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा दिसलं की दर २.६ रुग्णांमागे एकाचं अपंगत्व निदान एका पायरीने तरी कमी होतं. वैद्यकात एवढा मोठा परिणाम क्वचितच पाहायला मिळतो.

यानंतर घड्याळाची कल्पनाच बदलली. काही रुग्णांच्या बाजूच्या वाहिन्या इतक्या चांगल्या असतात की दहा-बारा तासांनीही मेंदूचा मोठा भाग जिवंत असतो. मग प्रत्येकाला एकच मर्यादा का लावायची? स्कॅनवर वाचवण्याजोगा भाग दिसला तर ६ ते २४ तासांतही गुठळी काढून पाहायची, अशी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. २०६ रुग्णांवरच ती थांबवावी लागली, इतका फरक स्पष्ट होता: स्वावलंबी झालेले ४९ टक्के, विरुद्ध १३ टक्के. सकाळी उठल्यावर लकवा मारलेला दिसतो आणि नेमकं कधी झालं हे कोणालाच माहीत नसतं, अशा रुग्णांना पूर्वी थेट ‘उशीर झाला’ असं सांगितलं जायचं. आता त्यांच्यातल्या काहींना एमआरआयच्या आधारे औषध देता येतं. मला मात्र भीती वाटते ती ‘२४ तास’ हा आकडा सुटा होऊन लोकांपर्यंत पोचण्याची. ही सवलत ज्यांचा मेंदू नशिबाने तग धरून आहे अशा मोजक्यांची आहे, आणि आपण त्या मोजक्यांत आहोत का हे घरी बसून कळत नाही.

गुठळी काढणारे डॉक्टर आणि यंत्रणा मोठ्या शहरांतच आहेत. मग दवाखानाच रुग्णाकडे न्यायचा, हा एक उपाय. २००८ पासून जर्मनीत सीटी यंत्र बसवलेली रुग्णवाहिका चालू आहे. बर्लिनमधल्या मोठ्या अभ्यासात अशा गाडीमुळे तीन महिन्यांनंतरचं अपंगत्व कमी झाल्याचं दिसलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आसाममध्ये ही गाडी ग्रामीण भागात चालवून पाहिली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अशा दोन गाड्या राज्य सरकारकडे सोपवल्या. चहाच्या मळ्यांच्या त्या मुलखात जे जमलं ते विदर्भात किंवा नंदुरबारात का जमू नये, याचं वैद्यकीय कारण मला तरी दिसत नाही.

रक्तस्रावाच्या पक्षाघाताकडे संशोधकांनी बराच काळ निराशेने पाहिलं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ते चित्र थोडं बदललं. भारतासह दहा देशांतल्या १२१ रुग्णालयांत ७ हजारांवर रुग्ण होते, आणि उपचारात नवं औषध एकही नव्हतं. वरचा रक्तदाब तासाभरात १४० च्या खाली आणायचा, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचा परिणाम उलटवायचा. सगळं एकत्र, ठरलेल्या वेळेत. तेवढ्यानेच वाईट निकालाची शक्यता कमी झाली. हे सगळं जिल्हा रुग्णालयातही करता येण्यासारखं आहे.

आणि इथे मूळ कारणाशी यावं लागतं. ३२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांच्या ‘इंटरस्ट्रोक’ अभ्यासाने, ज्यात भारतही होता, २०१६ मध्ये दाखवलं की पक्षाघाताचा जवळपास ९० टक्के भार टाळता येण्याजोग्या दहा गोष्टींशी जोडलेला आहे, आणि त्यातला सुमारे निम्मा एकट्या उच्च रक्तदाबाशी. रक्तदाब दुखत नाही, म्हणून आपल्याकडे त्याची गोळी सर्वांत आधी सुटते. ‘आता बीपी नॉर्मल आलं, बंद केली’ हे वाक्य किती घरांत ऐकलं असेल! ते नॉर्मल आलं ते गोळीमुळे, ही गोष्ट औषध लिहून देताना पाच मिनिटं बसून समजावली जात नाही, आणि त्याचा दोष मी रुग्णाला देणार नाही.

मिठावरचं एक संशोधन मला फार मोलाचं वाटतं. उत्तर चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोक घेतले. कोणाला आधी पक्षाघात झालेला, कोणी साठीच्या पुढचे आणि बीपीचे. निम्म्या गावांना नेहमीचं मीठ, निम्म्यांना असं मीठ ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं. पाचेक वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला: पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी, मृत्यू १२ टक्क्यांनी कमी. स्वयंपाक तोच, चवीत फरक नगण्य. आपल्याकडेही बहुतेक मीठ घरच्या फोडणी-आमटीतून, लोणच्या-पापडांतून पोटात जातं, त्यामुळे हा उपाय आपल्याला लागू पडण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि सैंधव म्हणजे हे मीठ नव्हे. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

भारतात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांबद्दल सांगायलाच हवं, कारण फसलेल्या चाचण्यांविषयी कोणी लिहीत नाही. १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम शिकवून घरीच पुनर्वसन करण्याचा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन सारखंच होतं, ४७ टक्के. दुसऱ्या चाचणीत ४,२९८ रुग्णांपैकी निम्म्यांना बारा भाषांतून एसएमएस, चित्रफिती आणि पुस्तिका देऊन दुसरा झटका टाळता येतो का पाहिलं. फरक पडला नाही. या दोन निकालांतून मला एवढंच कळतं की घरच्यांची माया आणि फोनवरचा संदेश ही फिजिओथेरपिस्टच्या, नर्सच्या, नियमित तपासणीच्या जागी बसवण्याची गोष्ट नाही. सरकारला स्वस्त पडेल अशी पळवाट शोधली, ती प्रामाणिकपणे तपासली आणि ती नाही असं जगाला सांगितलं, हे त्या संशोधकांचं मोठं काम आहे.

सध्या गाजतोय तो प्लास्टिकचा अभ्यास. इटलीतल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये मानेच्या रोहिणीतून काढलेले चरबीचे थर तपासले. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीनचे सूक्ष्म कण होते, आणि पुढच्या सुमारे तीन वर्षांत अशांमध्ये हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण साडेचार पटींनी जास्त दिसलं. संबंध दिसला, कारण सिद्ध झालेलं नाही. यावर आत्ताच निष्कर्ष काढू नये.

काही क्षण तोंड वाकडं होऊन पुन्हा सगळं ठीक झालं, तर घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो. खरं तर तेव्हाच धावायला हवं. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याचा धोका सर्वाधिक असतो. चीनमध्ये ५,१७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत २४ तासांच्या आत ॲस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल दिल्यावर तीन महिन्यांतला पक्षाघात ११.७ टक्क्यांवरून ८.२ टक्क्यांवर आला. अर्थात हे औषध स्कॅननंतर, डॉक्टरांनी द्यायचं.

म्हणून घरी काय करायचं, तर फार थोडं. तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, एवढं दिसलं की १०८ ला फोन. मालिश नाही, गावचा लकव्यावरचा उतारा नाही, स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन नाही, कारण आत रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करील. गिळता येतं की नाही याची खात्री नसते, म्हणून पाणीही नाही. आपल्या तालुक्यात कुठल्या दवाखान्यात रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन होतो, हे आजच विचारून घ्यावं. जवळचं रुग्णालय आणि स्कॅन होणारं रुग्णालय हे नेहमी एकच नसतं. रुग्णाच्या रोजच्या औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यावी, रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगावी. आणि दवाखान्यात पहिला प्रश्न येईल तो ‘पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता?’ हा. त्याचं उत्तर ‘सकाळी’ असं देऊ नये. ‘साडेसहाला चहा घेतला तेव्हा बोलत होते’ असं द्यावं.