कलौंजीने सूज उतरते का? दवा आणि दुआ यांच्यामध्ये समजून घेण्याची गोष्ट

कलौंजीची बरणी आपल्या बहुतेक घरांत असतेच. मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर तिच्यात शिफा आहे, या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आहे. त्यामुळे तिच्यावर आपला विश्वास असणे साहजिक आहे. पण ‘गोळ्या बंद केल्या, आता फक्त कलौंजीचं तेल घेतो’ असे कुणी सांगितले की आम्हाला काळजी वाटते. म्हणून विज्ञानाला नेमके काय दिसले, ते पाहू या.

शरीरात जंतू शिरले की मॅक्रोफेज नावाच्या रोगप्रतिकारक पेशी त्यांना गिळतात आणि सायटोकाइन नावाची रसायने सोडून इतर पेशींना बोलावतात. त्यामुळे ती जागा लाल होते, सुजते, दुखते. ही सूज आपल्या रक्षणासाठीच असते. पण आमवातात जंतू नसतानाही ही धावपळ थांबत नाही आणि सांधे खराब होत जातात.

कलौंजीच्या तेलात थायमोक्विनोन हा घटक असतो. प्रयोगशाळेत उंदराच्या मॅक्रोफेज पेशी बशीत वाढवतात आणि जिवाणूंच्या आवरणातला पदार्थ टाकून त्यांना भडकवतात. थायमोक्विनोन दिल्यावर या पेशी टीएनएफ-अल्फा आणि नायट्रिक ऑक्साइड ही सूज वाढवणारी रसायने कमी बनवतात. कारण सुजेची जनुके चालू करणारी ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाची कळ त्याने दबते.

म्हणजे आपल्या बुजुर्गांचा अनुभव अगदीच पोकळ नव्हता. पण बशीतल्या पेशीला औषध थेट मिळते. आपण खाल्लेली कलौंजी मात्र पोट आणि यकृत पार करून जाते आणि थायमोक्विनोन पाण्यात नीट विरघळतही नाही. इजिप्तमध्ये आमवाताच्या 40 महिलांना महिनाभर तेलाच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्रास कमी झालेला दिसला. पण अभ्यास छोटा होता आणि संशोधकांनीही तेलाकडे मुख्य उपचाराला जोड म्हणूनच पाहिले.

मग घरी काय करायचे? जेवणात चिमूटभर कलौंजी खुशाल घाला. खरेदी करताना कारळे किंवा कांद्याचे बी कलौंजी म्हणून घेऊ नका. तेल किंवा कॅप्सूल रोज घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम वाढू शकतो. गरोदरपणात आणि ऑपरेशनच्या आधी तर विचारल्याशिवाय घेऊच नये. इन्सुलिन किंवा स्टेरॉइड मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते.

आजारी पडल्यावर इलाज करा, हीसुद्धा प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे. कलौंजी सुन्नत म्हणून जरूर घ्या, पण डॉक्टरांची गोळी सोडून नको. शिफा देणारा अल्लाहच आहे आणि औषध हेही त्यानेच दिलेले साधन आहे.