ग्वाल्हेरची छत्री, मकबरा आणि समाधी

ग्वाल्हेरीस पाहुणा आला म्हणजे आपण त्यास प्रथम किल्ला दाखवितो, मग जयविलास, आणि गाडीला वेळ उरलाच तर हजिऱ्यास नेतो. दरबारी गवयाच्या घराण्यात जन्मलेल्या माझ्यासारख्या गायनमास्तराला हा क्रम उलटा वाटतो.

हजिऱ्याच्या आवारात महंमद घौस यांचा मकबरा मोठ्या घुमटाचा, चहूंकडे दगडी जाळ्यांचा. घौस १५६३ साली निवर्तले. इमारत अकबराच्या काळची. तिच्या एका बाजूस चौथऱ्यावर खांबांची एक साधी बैठी छत्री आहे. ती तानसेनाची. 'आईन-इ-अकबरी'त दरबारच्या छत्तीस कलावंतांची यादी आहे. त्यांतील पंधरा ग्वाल्हेरचे, आणि पहिले नाव याचेच! तरी स्मारकात शिष्याने गुरूच्या सावलीत राहावे, हे मला तरी शोभून दिसते. शेजारच्या चिंचेचा पाला चघळल्याने कंठ सुधारतो अशी समजूत आहे. आवाज रियाजाने येतो, पाल्याने नव्हे, असे मी विद्यार्थ्यांस बजावतो. ते माझी पाठ वळताच पाने तोंडात टाकतात.

येथील उरुसाला १९२४ साली माधवराव महाराजांनी राजाश्रय दिला. त्यातूनच आजचा तानसेन समारोह वाढला. समारोहाच्या दिवशी सकाळी कबरीजवळ सनई वाजते, मिलाद होतो, आणि ढोलीबुवांच्या मठाकडून हरिकथा होते. पुष्कळ जुनी मराठी घरे रात्रीच्या बैठकीला हजर असतात, पण ही सकाळ चुकवितात. वाचकांनी एकदा तरी ती ऐकावी.

शिंद्यांच्या छत्र्यांविषयी आपल्या वाचकांस काय सांगावे? १८१० साली दौलतरावांनी उज्जैनहून येथे तळ दिला, त्या छावणीचेच 'लष्कर' झाले. महादजींची छत्री मात्र पुण्यास वानवडीला. १७९४ साली ते तेथेच वारले. शिवपुरीस माधवरावांची छत्री मातोश्री सख्याराजेंच्या छत्रीसमोर आहे. तेथे मूर्तीपुढे सायंकाळी गायनसेवा करण्याची प्रथा पडली. श्रोता बोलत नाही, दादही देत नाही. अशा बैठकीत गाणे फार कठीण.

आता फूलबागेकडे. येथे लिहिताना आपल्या मंडळींची लेखणी अडखळते, आणि ती का अडखळते हे उघड बोलले पाहिजे. १८५८ च्या १ जूनला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे व राणी लक्ष्मीबाई येथे येताच जयाजीरावांची बहुतेक फौज त्यांना मिळाली आणि महाराज आग्र्यास निघून गेले. ३ जूनला याच फूलबागेत रावसाहेबांचा दरबार भरला. जेवणावळी उठल्या, राणीला त्या रुचल्या नाहीत. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच ती कोट्याच्या सराईकडील लढाईत पडली. बाबा गंगादासांच्या आश्रमात तिला अग्नी दिला, असे परंपरा सांगते. आज तेथे समाधी व अश्वारूढ पुतळा आहे, आणि जूनमध्ये मेळा भरतो.

आपल्या घराघरांत महाराजांचे अन्न खाल्लेले पूर्वज आहेत. माझ्या घरीही. म्हणून कोणी ही कथा वगळतात, कोणी धन्याची बाजू सावरून सांगतात. मला दोन्ही पटत नाहीत. ज्यांनी गवयांना पोसले त्यांचे ऋण मानावे आणि राणीपुढे मान लववावी, यात मला विरोध दिसत नाही. पण घडले ते मुलांना घडले तसेच सांगावे.

पुढची गोष्ट तर पाठ्यपुस्तकांत फारशी नसते. बंडानंतर किल्ला इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला होता. १८८६ साली तो शिंद्यांस परत मिळाला, आणि त्याच्या मोबदल्यात इंग्रजांनी घेतले ते झाशी शहर. त्याच वर्षी जयाजीरावही वारले.