सगळ्या ‘छान’ म्हणतात, पण घेतं कोण?

फ्रीज घ्यायचा ठरला की घरात किमतीची आणि रंगाची चर्चा होते. पण मुळात तो कसा असावा, हे कुणी आपल्याला विचारलंय का? एकदा विचारलं होतं बरं का, आणि तेही मुंबई-पुण्यात नव्हे, उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवला!

गोदरेज कंपनीची माणसं तेव्हा फ्रीज नसलेल्या घरांतून हिंडत होती. महिना पाच-आठ हजारांत भागवणारी कुटुंबं, एका खोलीत चार-पाच माणसं. भाजी-दूध रोजच्या रोज, थोडंथोडंच यायचं. विजेचा भरवसा नाही, बिऱ्हाडही सारखं बदलायचं. या सगळ्या नोंदींतून अर्थ निघाला तो असा, की या घरांना बर्फ नको, मोठं कपाट नको. दूध आणि उरलेलं अन्न एक-दोन दिवस टिकावं, पाणी गार मिळावं, एवढंच हवंय. मग २००८ साली उस्मानाबादला सहाशेवर बायकांना बोलावून त्यांची मतं घेतली. रंगसुद्धा त्यांच्या पसंतीने ठरला. त्यातून ‘छोटुकूल’ आला. ४३ लिटरचा, वजन आठ किलोंच्या आत, बॅटरीवरही चालणारा. झाकण वरच्या बाजूला, कारण थंड हवा जड असते. पुढचं दार उघडलं की ती पायाशी सांडते, वरचं उघडलं तर आतच राहते.

इतकं करूनही ज्या घरांसाठी तो केला, तिथे तो हवा तसा खपला नाही. छोटे दुकानदार, मोटारीने फिरणारे, शहरातले हौशी लोक हेच पुढे त्याचं गिऱ्हाईक झाले. मग बायका खोटं बोलल्या का? मुळीच नाही. मला वाटतं, ‘आवडला का?’ आणि ‘साठवलेले पैसे यावर घालाल का?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पै-पै साठवणारी बाई म्हणते, आणखी थोडं थांबू, पण घेऊ तो चारचौघींसारखा मोठाच घेऊ.

आमच्या बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे शेतकरी ‘बैल कसा आहे?’ एवढं विचारून थांबत नाही. तो बैलाला चालवून बघतो, दात बघतो.

बचत गटाच्या मालाचंही तेच. इथल्या एका गटाने शेंगदाण्याची चटणी केली आणि बाजारात चव द्यायला ठेवली. वहीभर ‘छान’, ‘फारच छान’ जमलं, पुड्या मात्र उरल्या. (तोंडावर वाईट कोण म्हणतं हो?) दुसऱ्या खेपेला त्यांनी मताऐवजी घडलेलं विचारलं: मागच्या महिन्यात चटणी विकत घेतली का, कुणासाठी, किती, संपायला किती दिवस लागले? उत्तरं ज्याच्या-त्याच्या शब्दांत चिठ्ठ्यांवर उतरवून घेतली, आणि दुपारी ओटीवर बसून सारख्या चिठ्ठ्या एकत्र लावल्या.

घरी खायला विकतची चटणी घेणाऱ्या दोघीचौघीच निघाल्या, कारण ती सगळ्या घरीच करतात. घेणाऱ्यांतल्या बहुतेकींचा मुलगा चाकणला कारखान्यात, खोली करून राहणारा. तक्रार चवीची नव्हतीच. पिशवीला तेल सुटतं आणि बॅगेतले कपडे खराब होतात, हे मात्र पाच-सहा चिठ्ठ्यांवर होतं. तिखट कमी करायचा बेत तिथेच राहिला. आता घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांची चौकशी चाललीय, आणि बरणीपायी वाढणारे पैसे किती जणी देतील, हे पुढच्या सोमवारी थोड्याच बरण्या विकायला ठेवून बघायचंय.