तालीम, खुराक आणि न शमणारी भूक

कोल्हापूर-सांगली भागातील तालमींत पहाटेच मेहनत सुरू होते. नव्याने आलेल्या मुलाच्या घरी महिन्याभरात एकच तक्रार ऐकू येते : “याचे पोट भरतच नाही.” पोलीस वा सैन्यभरतीसाठी गावच्या व्यायामशाळेत वजने उचलणाऱ्या तरुणांचाही अनुभव असाच असतो. ही भूक म्हणजे हावरटपणा नव्हे. शरीराची ती रास्त मागणी असते. मात्र ती कशाने भागवावी, हे सहसा कोणी सांगत नाही.

जड व्यायामाने स्नायूंच्या तंतूंवर ताण पडतो. त्यांची दुरुस्ती व वाढ व्यायामानंतर एक-दोन दिवस चालू राहते. त्यामुळे विश्रांतीच्या दिवशीही भूक लागते. उलट, कसून मेहनत केल्यावर लगेच अन्नाची इच्छा बहुधा मंदावलेली असते. मुलगा चहा-बिस्किटांवर शाळा गाठतो आणि दिवसभराची तूट रात्री भरून काढू पाहतो. जेवण उशिरा, झोप अपुरी, पहाटे पुन्हा तालीम. झोप कमी पडली की भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते व तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. अशा वेळी ताटात चार घास वाढविण्यापेक्षा तासभर आधी निजणे अधिक उपयोगी पडते.

दुसरा प्रश्न प्रथिनांचा. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढास दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. नियमित शक्तिव्यायाम करणाऱ्यास १.२ ते १.६ ग्रॅम लागतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणास ७२ ते ९६ ग्रॅम. नुसता भात, पाव किंवा वडा खाऊन पोट भरते, पण लवकरच पुन्हा भूक लागते. प्रथिने व चोथा असलेले अन्न पोटात अधिक वेळ टिकते. हा हिशेब घरच्या जिनसांतही बसतो. दोनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून सुमारे २० ग्रॅम, मटकीच्या दोन वाट्या उसळीतून १४, अर्धा लिटर दुधातून १७, मूठभर (५० ग्रॅम) शेंगदाण्यांतून १२ आणि तितक्याच फुटाण्यांतून १० ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांची १२ ग्रॅम आणखी. महागड्या डब्यातील भुकटीवाचून काम भागते, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

आपल्या तालमींना हे शास्त्र अनुभवाने ठाऊक होते. मेहनत झाल्यावर बदाम-खसखशीची थंडाई, दूध, आणि शिष्याच्या खाण्यावर वस्तादांची नजर, अशी ती शिस्त होती. तिची एक उणीवही सांगितली पाहिजे : कुस्ती सुटते, पण तुपाचा खुराक सुटत नाही आणि चाळिशीत पोट पुढे येते. एक ग्रॅम तुपात ९ उष्मांक असतात आणि प्रथिने जवळजवळ नसतातच.

खाण्याच्या वेळाही महत्त्वाच्या. मेहनतीनंतर तासाभरात दूध व केळे किंवा भिजविलेले हरभरे, दुपारी पूर्ण जेवण, सायंकाळी फुटाणे-शेंगदाणे आणि रात्री लवकर जेवण, अशी वाटणी केल्यास रात्रीची अनावर भूक उतरते. घामाने गेलेले पाणी भरून काढावे. तहानेलाच भूक समजण्याची चूक होऊ शकते.

भरपूर खाऊनही वजन घटत असेल, वारंवार तहान व लघवी लागत असेल, किंवा हात कापून छातीत धडधड होत असेल, तर तो व्यायामाचा परिणाम मानू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तातील साखर तपासून घ्यावी आणि अवटु ग्रंथीच्या तपासणीविषयी विचारावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने वैद्यकीय सल्ल्यावाचून प्रथिने वाढवू नयेत.

पंचायत सदस्य व शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे पाहावे. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिनांचे मान ठरविलेले आहे. आठवीनंतर ही थाळी थांबते, आणि अनेक मुले तालमीत नाव घालतात ती याच सुमारास. ग्रामपंचायत व्यायामशाळेसाठी जोडी, डंबेल, लोखंडी वजने घेते. त्याच खोलीत हरभरे भिजविण्यासाठी एक पातेले व दुधासाठी गावातील दूध संस्थेशी बोलणे, एवढा खर्च त्या मानाने किरकोळ आहे.