कोरोना गेला, पण पाटलाची झोप परत आली का?

देशातला कोरोनाचा पहिला बळी मार्च २०२० मध्ये गेला तो कलबुर्गीत, आपल्या तालुक्याला खेटून असलेल्या जिल्ह्यात. दुधनी, वागदरीकडच्या लोकांची सोयरीक, बाजार, दवाखाना निम्मा हद्दीपलीकडं. आणि हद्दच बंद झाली. नाक्यावर पोलीस अन् होमगार्ड उभे राहिले. गावात उभा राहिला तो पोलीस पाटील.

शेतकरी बंधूंनो, शिपायाची बदली होते. पाटील गावातच राहतो. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं गावच्या शांततेचा भार त्याच्यावर टाकला, पण तो तुमच्याच भावकीतला. पुण्या-मुंबईहून आलेल्या पोराला चौदा दिवस शाळेत ठेवा, लग्न मोजक्या माणसांत उरका, मयतीला गर्दी करू नका, हे त्यानं सांगायचं कुणाला? चुलत्याला आणि मेव्हण्याला! तेव्हा धरलेला अबोला काही घरांत अजून सुटलेला नाही. बरं, मानधन तरी किती? महिना साडेसहा हजार. पंधरा हजार झालं ते २०२४ मध्ये, साथ सरल्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. मनाला असा हुकूम लागू होत नाही. हुमणी लागलेला ऊस सुरुवातीला वरून हिरवाच दिसतो, तसंच हे आहे. झोप उडते, फोन वाजला की छातीत धस्स होतं, बारक्या गोष्टीवर माणूस घरच्यांवर खेकसतो, पारावर बसायचं टाळतो, संध्याकाळी बाटली जवळ करतो. खाकीतला असेल तर बोलतच नाही. साहेबाला कळलं तर काय, ही धास्ती. गावाला मात्र वाटतं, पाटलाला मस्ती आली. हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर त्याला दुखणं समजावं. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावत बसू नये. लावलाच, तर डॉक्टरकडंही न्यावं.

१४४१६ हा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, रात्रंदिवस लागतो. मराठीत बोला, नाहीतर कन्नडमध्ये. आपल्या भागाला दोन्ही चालतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर कुठं, कोणत्या वारी भेटतात, हे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ग्रामसेवकानं विचारून घ्यावं. एखादा जगण्याचाच कंटाळा बोलून दाखवत असेल, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवून कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सरपंचांनी आणखी एक करावं. लॉकडाऊनमधल्या भांडणांचा विषय तंटामुक्त समितीपुढं घ्यावा आणि दोन्ही घरं समोरासमोर बसवावीत. पाटलानं तेव्हा कुणाचा हुकूम पाळला, हे चारचौघांत सांगितलं गेलं, तरी त्याच्या मनावरचं बरंच ओझं उतरेल.